जास्वंदीवरचा कॅमेरा

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलनीत आधी चोरी झाली आणि मग कॅमेरे बसले, असं आता सगळे सांगतात. तसं झालेलं नाही. आधी कॅमेरे बसले, मग चोरी झाली. मी तिथे राहते, वर्गणीही दिली आहे, त्यामुळे हा क्रम मला पक्का ठाऊक आहे.

सुरुवात झाली ती पोलीस ठाण्याच्या साहेबांनी कॉलनीत घेतलेल्या बैठकीने. गणपतीच्या देवळापुढे मांडव घातला होता. साहेबांचा सत्कार, त्यांच्याबरोबर आलेल्या हवालदारांचा सत्कार, मग कॉलनीच्या अध्यक्षांचा सत्कार. हा शेवटचा अध्यक्षांनी स्वतःच ठेवला होता. शाल-श्रीफळात निम्मी बैठक गेली. उरलेल्या वेळात साहेब चांगलं बोलले, हे मान्य करायला हवं. भाडेकरू ठेवलात तर ठाण्यात माहिती द्या. सकाळी फिरायला जाताना अंगावर दागिने घालू नका. बाहेरगावी जाताना शेजारच्या घरी सांगा, मोबाईलवर जगाला सांगू नका. अडचणीत एकशे बारा लावा. आणि जमलं तर कॅमेरे बसवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच आठवड्यात अध्यक्ष सहकुटुंब भंडारदऱ्याला गेले आणि धरणावरून त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकला, ‘दोन दिवस निवांत!’ आम्ही सगळ्यांनी खाली टाळ्या आणि फुलं पाठवली.

साहेबांच्या सूचनांपैकी कॅमेऱ्याची तेवढी कॉलनीने उचलून धरली. बाकीच्या सूचनांमध्ये स्वतःला काहीतरी करावं लागत होतं, आणि कॅमेऱ्यात फक्त दुसऱ्याकडे बघायचं होतं. वर्गणी इतक्या झटपट जमली की गणपतीलाही कधी जमली नव्हती. भांडण झालं ते कॅमेऱ्यांची तोंडं कुठे करायची यावर. अध्यक्षांना त्यांच्या नव्या गाडीवर ओरखडे कोण काढतं ते हवं होतं, म्हणून एक कॅमेरा त्यांच्या गाडीकडे वळला. कोपऱ्यावर कचरा कोण टाकतं हे पाहायला एक कोपऱ्यावर गेला. एक कुणाचं तरी कुत्रं कुणाच्या दारात बसतं यासाठी लागला. आमच्या समोरच्या काकूंनी वर्गणी सगळ्यात आधी दिलेली, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांचा कॅमेरा त्यांच्या जास्वंदीवर लागला. गेटवर एकही आला नाही. गेटवर वॉचमन आहे की, असं ठरलं.

जास्वंदीवरचा कॅमेरा कुणासाठी आहे हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सासऱ्यांसाठी.

माझे सासरे कोर्टात कारकून होते. निवृत्त झाल्यावरही आम्ही बाजारपेठेतल्या गल्लीत राहत होतो तोवर त्यांचं बरं चाललं होतं. घरातून दाढी करायला निघाले तरी रस्त्यात चार जण थांबवायचे. अपील किती दिवसांत करायचं, वारसाला काय कागद लागतात, तारीख पुढे कशी घ्यायची. सासूबाई गेल्या, आम्ही कर्ज काढून गावाबाहेर या कॉलनीत बंगला घेतला, आणि सासऱ्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. इथे प्रत्येकाचं फाटक बंद असतं. घरात माझा नवरा त्यांच्याशी बोलतो ते ‘गोळी घेतली का?’ एवढंच. मी नोकरीवरून आल्यावर बोलते ते साधारण त्याच विषयावर.

मग त्यांनी आपली आपण सोय लावली. सकाळी उजाडता उजाडता ते कानटोपी घालून, छत्री घेऊन देवाच्या फुलांसाठी निघायचे. आमच्या दारात तगर आहे, देवाला ती पुरते. पण त्यांना दुसऱ्यांच्या दारातली फुलं हवी असायची. कुंपणाबाहेर आलेली फांदी ही रस्त्याची, असा त्यांचा कायदा होता. छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढायची, फूल तोडायचं आणि मोठ्यांदा खाकरायचं. खाकरलं की दार उघडायचं. काकू ओरडत यायच्या. हे कायदा सांगायचे, त्या त्यांच्या माहेरच्या वकिलाचं सांगायच्या, मग विषय गुडघ्यांवर जायचा, मग मुलांवर, मग दूध नासण्यावर. चोरी करून खाकरणारा चोर मी दुसरा पाहिलेला नाही. अशी पाच-सहा घरं झाली की ते परत येत ते ताठ चालत येत, आणि मग दिवसभर त्यांना पुरेल इतकं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर असे. ही फेरी बंद पडली तर हा माणूस नुसता बसून संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि आता कॅमेऱ्याचं तोंड जास्वंदीकडे वळलं होतं.

व्हायचं तेच झालं. एके सकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला. कानटोपी, छत्री, वाकलेली फांदी. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, ‘सावधान! कॉलनीत संशयित इसम फिरत आहे. सर्वांनी दक्ष राहावे.’ त्या कानटोपीला कॉलनीतलं शेंबडं पोरही ओळखतं. पण कुणी म्हणून ओळखलं नाही. सगळ्यांनी ‘बाप रे’ लिहिलं. मी लिहिलं, ‘हे आमचे सासरे आहेत.’ त्यावर अध्यक्षांचं उत्तर आलं, ‘वहिनी, व्यक्तिगत घेऊ नका, सुरक्षेचा प्रश्न आहे.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांना मी काही दाखवलं नाही. ते दुसऱ्या दिवशीही गेले, पण काकू काही बाहेर आल्या नाहीत. त्या आता घरात बसून मोबाईलवर बघत होत्या. सासरे तिथे बराच वेळ खाकरत उभे होते.

त्यानंतर खरी चोरी झाली. अध्यक्षांकडचे सगळे राहुरीला लग्नाला गेले होते. निघताना गाडीतला फोटो ग्रुपवर आलाच होता. भर दुपारी कुलूप तुटलं. टीव्ही गेला, दोन गॅसच्या टाक्या गेल्या आणि सत्कारांत जमलेल्या शालींचा गठ्ठा गेला. चौकीतून हवालदार आले. जामखेडकडचे, अंगाने आडवे, बोलायला मऊ. त्यांनी कॅमेऱ्यांचं चित्रण मागितलं. अध्यक्षांच्या घरी आम्ही सगळे जमलो आणि ते त्यांच्या मोबाईलवर पाहायला बसलो. अध्यक्षांच्या गाडीचं चाक दिसलं. गाडी लग्नाला गेल्यावर चाकाखालची फरशी दिसली. कचरा दिसला. कुत्रं झोपलेलं दिसलं. चोर गेटातून आला आणि गेटातूनच गेला असणार, आणि वॉचमन तेव्हा अध्यक्षांनीच सांगितल्यावरून दळण आणायला गेला होता. जास्वंदीवर मात्र रोज सकाळी एक कानटोपी येत होती.

“ह्या सगळ्यात मानूस असा एकच दिसतोय,” हवालदार म्हणाले. “त्यांना इचारावं लागंल.”

“अहो, चोरी दुपारी झालीय. हे सकाळचं आहे,” मी म्हटलं.

“ते खरं हाय ताई. पण वर दाखवायला कायतरी तपास लागतो का न्हाई? काकांना उंद्या चौकीवर पाठवा. भिऊ नका, आमी काय खात न्हाई.”

मी तिथेच भांडले असते, पण मला आठवलं. म्हाताऱ्या माणसाला चौकीवर बोलवायचं नसतं, त्याच्या घरी जाऊन विचारायचं असतं, असा कायदा आहे. हे मला सासऱ्यांनीच एकदा जेवताना सांगितलं होतं. तेच मी हवालदारांना ठणकावून ऐकवलं. ते बिचारे कान खाजवत ‘मग मी येतो घरी’ म्हणाले, आणि मी विजयी मुद्रेने घरी येऊन सगळं सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, “असा काही कायदा नाही.”

“बाबा, तुम्हीच सांगितलं होतं.”

“मी? छे. बोलावलं की जायचं असतं. किती वाजता बोलावलंय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. माझ्या गाडीवर मागे बसले. उसाच्या ट्रॅक्टरामागून जाताना हळू चालव म्हणाले नाहीत, घाई कर म्हणाले. चौकीत हवालदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि विचारलं, “काका, त्या दिशी दुपारी तुमी कुठं हुता?”

सासऱ्यांनी घसा साफ केला. “असं नाही. जबाब लिहून घ्या. माझं शिक्षण, माझी नोकरी, इथपासून सुरू करा.”

आणि ते बोलत राहिले. नोकरीच्या गावांपासून ते बाजारपेठेतल्या गल्लीपर्यंत, तिथून सासूबाईंच्या आजारपणापर्यंत. सासूबाई गेल्या तेव्हा ते दवाखान्यात खाली चहा प्यायला गेले होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. हवालदारांना माहीत झालं. मग कॉलनी आली. कुणाच्या दारात किती वाजता दूध येतं, कुणाची मोलकरीण रडत जाते, कोण कुणाशी बोलत नाही. त्यात चोराचा पत्ता कुठे नव्हता. पण हवालदार ऐकत होते, कारण ऐकणं त्यांच्या ड्युटीत होतं. मधूनमधून ते ‘बरं, मग?’ म्हणत. त्या ‘बरं, मग?’ने सासरे इतके खुलले की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला रडू येत होतं आणि आपल्या माणसाला संशयित केल्याबद्दल पोलिसांचे आभार मानावेत की काय, तेही कळत नव्हतं.

“एक मुद्दा राहिला,” म्हणून ते दुसऱ्या दिवशी रिक्षाने एकटेच चौकीत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही एक राहिला होता. शेवटी हवालदारांचा मला फोन आला.

“ताई, काका लई चांगले हायेत. पर आता पुरं झालं म्हणावं. इथं आरोपी उभे ऱ्हातात आन् खुर्चीत काका बसत्यात.”

तेवढ्यात चोर सापडला. कुठल्या तरी लांबच्या गावात, दुसऱ्याच चोरीत, अंगावर अध्यक्षांची सत्काराची शाल पांघरून. आता कॉलनीला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण माफी मागायची तर एकेकट्याने आमच्या दारात यावं लागलं असतं. त्यापेक्षा बैठक घेणं सोपं होतं. पुन्हा मांडव, पुन्हा साहेब, पुन्हा शाली. या वेळी एक शाल सासऱ्यांनाही घातली. मग अध्यक्षांनी माईक घेऊन जाहीर केलं की काकांचा प्रश्न कॉलनीने कायमचा सोडवलेला आहे. ज्येष्ठांनी झुंजूमुंजू अंधारात, कुत्र्यांमध्ये, असं एकटं फिरणं सुरक्षित नाही. तेव्हा यापुढे प्रत्येक घर पाळीपाळीने फुलं देईल आणि वॉचमन ती रोज सकाळी काकांना घरपोच करेल. काकूंनी तर आपली जास्वंद आठवड्यातून दोनदा देऊ केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब म्हणाले, नागरिकांनी आपसात असं मिटवलं तर पोलिसांचं निम्मं काम हलकं होईल.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “त्यांना फुलं नको आहेत हो!”

“वहिनी, संकोच करू नका,” अध्यक्ष म्हणाले. “सगळी आपलीच घरं आहेत.”

मला त्या माईकची वायर उपटावीशी वाटली. मी सासऱ्यांकडे पाहिलं. जन्मभर त्यांनी निकाल ऐकले आणि लिहून घेतले होते. निकाल लागल्यावर बोलायचं नसतं, तसे ते शाल सावरत गप्प बसले होते. मग साहेबांसोबत सगळ्यांचा फोटो निघाला.

सकाळी फाटकाला प्लॅस्टिकची पिशवी लटकलेली होती. वॉचमन म्हणाला, “मॅडम, फुलं मोजून घ्या. आन् बाबांना अंधाराचं भाईर सोडू नगा म्हणून अध्यक्ष सायबांनी सांगितलंय.” सासरे आंघोळ करून, कानटोपी घालून दारात आले होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. आमच्या देव्हाऱ्यात देव चार आणि फुलं त्यांना झाकून टाकतील इतकी. त्यांनी कानटोपी काढली, पूजा केली. एरवी फेरीमुळे जी पूजा उशिरा व्हायची ती त्या दिवशी दूध तापायच्या आत आटोपली. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“त्या चोरावर खटला उभा राहील ना?” त्यांनी विचारलं.

“राहील की.”

“मग मला साक्षीला बोलावतील?”

मी पोळी तव्यावर टाकली. “बाबा, तुम्ही काहीच पाहिलेलं नाही. तुम्हाला कशाला बोलावतील?”

“हो, ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण काही पाहिलं का, हे विचारायला तरी बोलावतील?”