तुम्ही घरी असता म्हणून

मूल सांभाळायला बाई शोधणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. बाई तेवढी जमत नाही! माझ्याकडे आता इतके साठलेत की मित्र ते ऐकायलाच चहाला बोलावतात आणि कप खाली ठेवताना विचारतात, "मग, मिळाली का कोणी?"

मी पेणला रामवाडीत राहतो, वय सत्तेचाळीस. मुंबईतल्या एका कंपनीचं काम घरून करतो. रोज दहा ते दोन लॅपटॉपसमोर, कॅमेरा चालू ठेवून. मुलगी जुई, चार वर्षांची. तिची आई, वनिता, गेल्या वर्षी गेली. मला हवी होती चार तासांची, परवडेल अशी बाई. एवढंच!

*

पहिल्या आल्या शांताबाई. घर पाहिलं, पगार मान्य केला, जुईला मांडीवरही घेतलं. मग विचारलं, "वैनी कवा येतात कामावरनं?"

"ती नाही. वारली."

शांताबाईंनी पदराने डोळे पुसले. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला. दारात जाऊन म्हणाल्या, "दादा, राग नका मानू. तुम्ही हापिसात जात असता ना, तर मी उद्यापासून आले असते!"

घरात दुसरी बाई नाही आणि पुरुष दिवसभर घरात. अशा घरी कोण येणार? जे काम मी जुईसाठी घरी आणलं होतं, तेच आडवं आलं.

*

दुसरी सुमन, नदीपलीकडच्या वाडीतली. कामाला चटपटीत. तिच्याबरोबर तिचा नवरा आला आणि माझ्या खिडकीबाहेर ओट्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसायचा.

मॅनेजरने विचारलं, "तुमच्या मागे कोण बसलंय?"

"मुलीला सांभाळतात त्या बाईंचे मिस्टर."

"ते काय करतात?"

"मी घरात आहे म्हणून बसतात."

तिसऱ्या दिवशी त्यानेच विषय संपवला. "साहेब, तिची मजुरी तुम्ही देता. माझा खाडा कोण भरल?"

*

समोरच्या काकूंना हे सगळं दिसत होतं. एक दिवस वाटीभर खीर घेऊन आल्या.

"अर्धवेळ बाई शोधून दमलास रे. पूर्णवेळच आण ना! माझ्या भाचीची नणंद आहे, समजूतदार. शिवाय पगार द्यायला नको!"

संध्याकाळी वाटी धुतली, रीतीप्रमाणे चमचाभर साखर घातली आणि परत दिली.

*

मग गावातल्या एका प्लेग्रुपमध्ये जुईचं नाव घातलं. फॉर्मवर आईचा मोबाइल नंबर हवाच होता. "ग्रुपवर आम्ही फक्त मम्मींना घेतो," टीचर म्हणाल्या. मी वनिताचा नंबर लिहिला. तिचा फोन मी अजून चार्ज करतो.

त्या फोनवर मेसेज यायला लागले. "डिअर मम्मा, उद्या पिवळा ड्रेस." "डिअर मम्मा, डब्यात केळं द्या." मी तिच्या फोनवरून "ओके" लिहायचो.

प्लेग्रुप साडेअकराला सुटायचा. रोज वीस मिनिटं मॅनेजरला माझी रिकामी खुर्ची दिसायची, आणि पुढे दोनपर्यंत माझ्या मांडीवर बसलेली जुई. दोनदा समज मिळाली. तिसऱ्यांदा ईमेल आला. त्याच आठवड्यात टीचरचाही मेसेज आला.

"जुईच्या मम्मा, तुम्ही एकाही मीटिंगला आला नाहीत. मुलांसाठी थोडा वेळ काढायला हवा!"

"ओके," मी लिहिलं.

*

सासूबाई रोह्याच्या. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय. त्यांना शेजाऱ्यांवर सोपवून त्या चार दिवस आल्या. पहिल्याच दिवशी, ऐन मीटिंगमध्ये, मागून आवाज आला, "जावईबापू, पोर कवाची तुमची वाट बघते, एक घास खाईना! ह्या लोकांना सांगा ना, मागनं या!"

बारा जणांनी ऐकलं. मॅनेजर म्हणाला, "प्लीज, त्यांना म्यूट करा."

"त्या माझ्या सासूबाई आहेत," मी म्हटलं.

परत जाताना त्यांनी स्टँडवर सांगितलं, "नागपंचमीपर्यंत बघा. नाय जमलं तर पोरीला मी रोह्याला नेते. तुम्ही येत जा रविवारचे."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांची एक मुलगी गेली होती. माझ्याकडे एकच उरली होती.

*

हमरापूरला गणपती रंगवणाऱ्या मंदाताई म्हणाल्या, "मी तुमच्या घरी नाय येणार. पोरीला हितं आणा. चार पोरांत पाचवी!" पैसेही नको म्हणाल्या.

दहा दिवस जुई कारखान्यात रमली. संध्याकाळी सोनेरी हात घेऊन घरी यायची. मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "त्या रंगाच्या स्प्रेच्या वासात पुन्हा नेऊ नका."

मी मंदाताईंना सांगायला गेलो. त्या हसल्या. "अवो, आमची पोरं ह्याच वासात मोठी झाली!"

ब्रश पुन्हा रंगात बुडवला. जरा थांबल्या.

"खोकतात तीपण."

*

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई सकाळच्या गाडीने आल्या. हातात रिकामी पिशवी, जुईच्या कपड्यांसाठी. मी घड्या करून ठेवल्या होत्या. त्या टेकल्या, पाणी प्यायल्या. दहाला दहा कमी होते.

जुई आतून आली. आजीला पाहिलं आणि थेट दाराशी गेली. माझ्या चपला दोन्ही हातांनी उचलून तिने उंबऱ्याबाहेर ठेवल्या, रस्त्याकडे तोंड करून.

"पप्पा, आजी आली. आता तुम्ही जा."

"कुठं गो जायचं त्यांनी?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठं पण. पप्पा घरी असले की कोणीच राहत नाही."

लॅपटॉप वाजायला लागला. मी उठलो नाही. सासूबाईंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. वाजून वाजून तो बंद झाला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमचं ते हापिस आमच्याकडं रोह्याला लागतं का?"