ज्या नावाने जाग येते

"यमू धरा, महाराज. तिचं पाळण्यातलं नाव यमूच हाय," गणपत म्हणाला.

मी पाटीवर यमू लिहिलं. समोर किसन लिहिलेलं होतंच. शेजारी गणपतची थोरली बहीण भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवरच्या पदराला पऱ्हाटीचं वाळलेलं पान चिकटलं होतं, ते तिनं काढून मुठीत धरून ठेवलं. नांदगावाकडून बंडीनं आली होती दोघं, वेचणी अर्धवट टाकून.

तेव्हा मी अमरावतीत, अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका खोलीत बसत असे. पत्रिका, मुहूर्त, प्रश्न, हरवलेली वस्तू, जे येईल ते. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद झाला होता आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडाच्या कापसावाचून दुसरा आधार राहिला नव्हता. एरवी वर्षभर ज्यांच्या घरी चांदी दिसायची नाही असे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून हिंडत होते. मुंबईचे एजंट दारोदार फिरत. माझ्याकडे गर्दी व्हायची ती भाव अजून किती चढेल हे विचारायला. लग्नाचं विचारणारे कमी झाले होते. म्हणून ही दोघं आली तेव्हा मला बरं वाटलं. शिवाय घरी मी एकटाच. पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. समोर कोणी बसलं की दिवस सरायचा.

प्रकरण असं होतं. या बाईचा पहिला नवरा कापसाच्या एजंटामागे मुंबईला गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. पंचांसमोर काडीमोड झाली. ती भावाकडे येऊन राहिली. त्यात गेल्या हंगामात अकोल्याकडच्या एका गाडीवानाच्या बंडीचा आख त्यांच्या वावराजवळ मोडला. हा किसन. बायको वारलेली, जातीतला. आख दुरुस्त होईपर्यंत दोन दिवस तिथे राहिला, आणि पुढे वाट वाकडी करून येतच राहिला. आता त्यानं पाटासाठी निरोप धाडला होता. पाट म्हणजे दुसरं लग्न, त्यांच्यात चालतं.

"पत्रिका आहे का दोघांची?" मी विचारलं.

"आमच्यात कुठची पत्रिका, महाराज. नावावरूनच पाहा."

नावावरून रास काढता येते. नावाचं पहिलं अक्षर पाहायचं. किसन म्हणजे मिथुन. यमू म्हणजे वृश्चिक. आता मिथुनेपासून मोजत गेलं तर वृश्चिक सहावी येते, आणि वृश्चिकेपासून मिथुन आठवी. याला षडाष्टक म्हणतात. षडाष्टकंही दोन प्रकारची असतात. एक प्रीतीचं, ते चालतं. दुसरं मृत्यूचं, ते कोणी जोशी चालवून घेत नाही. मिथुन-वृश्चिक हे दुसऱ्यातलं.

मी तसं सांगितलं. गणपतनं मान खाली घातली. पण त्याचे खांदे सैल झाले ते मला दिसलं. एवढी वर्षं माणसं पाहतो आहे, वाईट बातमी ऐकून कोणाचा जीव भांड्यात पडला ते मला कळतं. कापसाच्या त्या दिवसांत वेचणाऱ्या हातांना केवढी किंमत होती हे सगळा जिल्हा जाणत होता. घरची बहीण, पहाटेपासून राबणारी, न मागता राहणारी. ती कोण कशाला अकोल्याला पाठवील?

"मंग काय, बाई," तो बहिणीला म्हणाला. थोरल्या बहिणीला ते बाई म्हणत. "शास्त्रातच नाई तर आपन काय करनार. उठ."

ती उठली नाही. भिंतीकडेच पाहत म्हणाली, "महाराज, माह्यं लग्नातलं नाव रखमा हाय."

ही गोष्ट खरी होती. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं नाव लिहिलं की बाईचं माहेरचं नाव मागे पडतं. मी रखमा लिहून पाहिलं. र म्हणजे तूळ. मिथुन आणि तूळ यांचा नवपंचम होतो, एकमेकांपासून पाचवी आणि नववी. इतकं चांगलं जुळणं सहसा पाहायला मिळत नाही.

गणपत उसळला. "ज्यानं टाकलं त्याचं नाव धरतं काय तू? महाराज, ते नाव कवाच मेलं. पाळन्यातलं धरा."

"जुनं हाय, मेलं नाई," ती म्हणाली.

आता जोश्याची खरी अडचण इथे होती. नावं दोन. एकात मरण, एकात संसार. मी कोणतं धरतो त्यावर या बाईचं पुढचं आयुष्य ठरणार होतं, आणि दोघंही माझ्या लेखणीच्या टोकाकडे पाहत बसली होती. मनातून मला तिला रखमा म्हणावंसं वाटत होतं, हे कबूल करतो. पण मनातून वाटतं म्हणून धरलं तर मग जोश्याकडे यायचं कशाला.

अशा वेळेसाठी आमच्या विद्येत एक नियम आहे. माझ्या गुरुजींनी तो मला पहिल्याच वर्षी पाठ करून घेतला होता. माणसाला अनेक नावं असली, तर गाढ झोपेत असताना ज्या नावानं हाक मारली की तो जागा होतो, ते त्याचं खरं नाव. बाकीची कागदावरची. नियम मोठा सोयीचा. मी तो शेकडो वेळा वापरला होता आणि दर वेळी उत्तर चटकन मिळालं होतं. कोणी म्हणायचं आई बाळू म्हणते, कोणी म्हणायचं घरात सगळे तात्या म्हणतात. हसतहसत काम व्हायचं.

मी तिला विचारलं, "झोपेतून उठवताना तुला घरात कोणत्या नावानं हाक मारतात?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. प्रश्न समजला नसावा असं वाटून मी पुन्हा सांगितलं. गणपत मधेच म्हणाला, "आमी बाई म्हनतो."

"ते नाव नव्हे, नातं झालं. आणि उठवताना?"

गणपत आठवून पाहू लागला. खरंच आठवत होता बिचारा.

"मले कोनी उठवत नाई, महाराज," ती म्हणाली. "मीच सगळ्यायले उठवतो."

आमच्याकडे बायकाही उठवतो असंच म्हणतात. ती ते तक्रारीनं म्हणाली नाही. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं सांगितलं.

"सासरी?"

"तिथी बी मीच पयले उठू. तो मले अवं म्हने. ताटात नाव लिवलं तेवढंच. तोंडानं कवा घेतलं नाई."

मी लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत या प्रश्नापुढे माझा नियम कधी अडला नव्हता. पाळण्यातलं नाव होतं, ताटातलं नाव होतं, पण त्या दोन्ही नावांनी तिला हाक मारणारं कोणी नव्हतं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. गणपतलाही वाटलं असावं, कारण तो उगाच पागोटं काढून पुन्हा बांधू लागला.

"किसनानं इचारलं होतं," ती म्हणाली. "आख मोडला तवा. पानी देल्लं मी त्याले. तर म्हने, तुमचं नाव काय? आठ सालात कोनं इचारलं नव्हतं. मले दोन घडी आठवाच लागलं."

कोणतं सांगितलंस, हे मी विचारलं नाही. भावासमोर ते विचारणं बरं दिसलं नसतं.

"नावावरून हे जुळवता येत नाही," मी गणपतला सांगितलं. "यमूवरूनही नाही आणि रखमावरूनही नाही. दोन्ही नावं नियमात बसत नाहीत."

"मंग?"

"मग प्रश्नकुंडली."

प्रश्नकुंडली म्हणजे माणसाच्या जन्माची नव्हे, प्रश्नाच्या जन्माची पत्रिका. ज्या क्षणी प्रश्न विचारला त्या क्षणीचं आकाश मांडायचं. ती दुपार कलतानाची वेळ होती, पूर्वेला मेष लग्न उगवत होतं. ही उगवती रास, लग्न, म्हणजे विचारणारा. त्याच्या समोरचं सातवं घर म्हणजे जोडीदार आणि त्यानं दिलेला शब्द. त्या घरात कोण बसलंय यावर सगळं. शुक्र असला तर ओढ. मंगळ असला तर भांडण. राहू असला तर बोलतो एक आणि करतो एक.

सातव्या घरात शनी निघाला.

गणपतला शनी एवढा शब्द कळला. "झालं," तो म्हणाला. "शनी म्हनजे वाटोळं."

"शनी म्हणजे उशीर," मी म्हणालो. "आणि कष्ट. नवरा वयानं मोठा, हाताला घट्टे पडलेला, गोड बोलता न येणारा. पण यंदा शनी तुळेत आहे, उच्चीचा आहे. उच्चीचा शनी द्यायला वेळ लावतो आणि दिलेलं परत घेत नाही. सुख कमी सांगेन मी, पण सोडून जाणं यात दिसत नाही."

"षडाष्टक?"

"ज्या नावानं कोणी हाकच मारत नाही त्याचं कसलं षडाष्टक."

गणपत बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सवय झाली होती. शेवटी म्हणाला, "बरं. पन वेचनी उरकू द्या. मंग पाहू."

"वेचनी दर साल येते, गन्या," ती म्हणाली.

माझ्यासमोर ती त्याला पहिल्यांदाच नावानं बोलली. तो उठला. जाताना उंबरठ्याशी ती थांबली आणि मला विचारलं, "महाराज, मानूस एकला पडते, ते कोनत्या घरात पाहतात?"

"बाराव्या," मी म्हणालो. "झोपही तिथेच पाहतात."

तिनं मान हलवली आणि गेली. त्या दिवशी आणखी कोणी आलं नाही. मी पाटी पुसायची म्हणून हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली.

त्याच पौषात पाट लागल्याचं कानावर आलं. पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस असा कोसळला की शिंगांवरच्या शेंब्या एका हंगामात उतरल्या. माझा धंदा मात्र वाढला. चढत्या भावात लोक शनीला विसरतात, पडत्या भावात त्यांना दुसरा ग्रह सुचत नाही.

दोनेक वर्षांनी अकोल्याच्या एका बुडालेल्या व्यापाऱ्यानं मला बोलावून घेतलं. आगगाडी स्टेशनात पोचली तेव्हा दिवस मावळला होता. बाहेर बंड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीवानानं माझं गाव आणि धंदा विचारला आणि पायच धरले. तो किसन होता. पन्नाशीकडे झुकलेला, हाताला घट्टे, बोलणं बेताचं. रेल्वेमुळे लांबची भाडी गेली होती. आता स्टेशनापासून पेठेपर्यंत माल ओढायचा. व्यापाऱ्याकडे सकाळी सोडतो म्हणाला आणि मला घरी नेलं. तिनं शिधा काढून दिला, मी अंगणात वेगळी चूल मांडून खिचडी शिजवली आणि ओसरीवर पडलो. घरात फार काही नव्हतं. दोन बैल, एक गाय, चार भांडी.

पहाटे मी जागा झालो तेव्हा किसन उठलेला होता. त्यानं बैलांना वैरण टाकली, चूल पेटवली, पाणी ठेवलं. मग दाराशी जाऊन हाक मारली.

"यमू."

आतून काही आवाज आला नाही.

"यमू, उजाडलं वो."

तरी नाही. गाढ झोपली होती. तो घाई न करता तिथेच उभा राहिला, आणि तिसऱ्या हाकेला आतून झोपेतलं हुंकारणं ऐकू आलं.

म्हणजे तिनं त्याला पाळण्यातलं नाव सांगितलं होतं. आणि त्यानं पाटाच्या वेळी तेच राहू दिलं होतं. नियमानं आता तिचं खरं नाव यमू होतं, रास वृश्चिक, आणि समोर मिथुनेचा नवरा. मी सांगितलेल्यापैकी सगळ्यात वाईट जोडी नेमकी खरी ठरली होती आणि चुलीवर पाणी उकळत होतं.

निघताना ती म्हणाली, "महाराज, आता माह्यं कोनतं नाव धरसान?"

"यमू."

"मंग षडाष्टक लागलं ना आमाले?"

"लागलं."

"लागलं तर लागलं," ती म्हणाली आणि हसली. मग बंडीत माझं गाठोडं ठेवता ठेवता सहज विचारलं, "अन् तुमाले कोनत्या नावानं जाग येते, महाराज?"

"म्हाताऱ्याला झोप कुठे असते," मी म्हणालो, आणि बंडीत चढलो.

आई गेल्यापासून मला कोणी नावानं हाक मारलेली नाही. पत्नी होती तोवर अहो म्हणायची, नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. आता गावाला मी महाराज आहे. उठवायला कोणी नाही, जाग माझी मलाच येते.

धंद्यापुरतं सांगायचं तर त्यानंतर मी माझ्या पद्धतीत एक फरक केला. नावावरून गुण जुळवायला कोणी आलं की आधी झोपेचा प्रश्न विचारतो, पाटी नंतर हातात घेतो. बहुतेक लोक हसतात आणि सांगून टाकतात. क्वचित एखादा हसत नाही, तेव्हा मी पुढे काही विचारत नाही, प्रश्नकुंडली मांडतो. माझी स्वतःची जन्मवेळ वडिलांनी टिपून ठेवली होती, म्हणून माझी पत्रिका तरी आहे. नावावरून काढायची म्हटली तर माझी रास निघत नाही.