कोपऱ्यातले ओघळ

बाबा मी लहान असतानाच गेले. तेव्हापासून आई पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जायची आणि उन्हाळ्यात मिस्त्रीच्या हाताखाली रेजा म्हणून घमेली वाहायची. आमचं घर म्हणजे एक खोली. भिंती विटांच्या, आतून ओबडधोबड प्लास्टर.

रंगवलेल्या जुन्या भिंतीवर नवं प्लास्टर तसंच चढवत नाहीत. आधी टाचे मारावे लागतात. हातोडीच्या धारेने जवळजवळ खाचा पाडायच्या, रंग उडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचं, पाणी मारायचं. काम धुळीचं, म्हणून ते रेजांच्याच वाट्याला यायचं. आमच्या पवनी गावातल्या किती घरांच्या भिंती आईने अशा टाचल्या, तिलाच ठाऊक. सुट्टीत मी सोबत असायचे. एकदा मी हातोडी उचलली, तर तिने ती हिसकावून घेतली.

"हे तुह्या हातात नाई पाह्यजे. तू पुस्तक धर."

"मंग तुले काहून चालते?"

"मले कोनं पुस्तक देलं होतं?"

मी धरलं. एसटीने ये-जा करून पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली, हे मी आजही मान वर करून सांगते. साकोलीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारात मी आकाशी तेलरंगाचा डबा आणला. रंगाऱ्याला बोलावलं नाही. शिकलेल्या माणसाला सगळं येतं, असं तेव्हा वाटायचं. रंग दाट लावला, एका कोपऱ्यात त्याचे ओघळ आले आणि तसेच वाळले.

"भिंत रडून राह्यली का वं?" आई हसली होती. पण शेजारणी आल्या की त्यांना नेमका तोच कोपरा दाखवायची. "पोरीनं सोताच्या हातानं लावला."

पुढे भिंतीत ओल चढली. रंगाला फोड आले, प्लास्टर जागोजागी पोकळ वाजू लागलं. आईचं एकच म्हणणं होतं: आपल्या घरात एक तरी भिंत सरळ पाहिजे आणि ती पुन्हा सुटायला नको.

तिच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. टाचे मात्र आईच मारणार होती.

"मावशी, तुमी अजून रिटायर नाई झाल्या का?" मिस्त्री म्हणाला.

"गुडघे झाले. हात नाई झाले."

दोन दिवस ती ठोकत होती. सुटलेलं प्लास्टर पाडलं, घट्ट होतं तिथे खाचा पाडल्या. तिसऱ्या दिवशी मिस्त्री सिमेंट-वाळूचा माल कालवायच्या आधी भिंतीवरून हात फिरवत गेला आणि कोपऱ्यात थांबला. धान ठेवायची कोठी सरकवली, तर मागे आकाशी रंग तसाच चकाकत होता. ओघळांसकट.

"हे काहून सोडलं?"

"तिथं कोठी येते. दिसत नाई," आई त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"मावशी, तेलरंगावर माल धरत नाई, हे तुमीच साऱ्याईले शिकवलं. इथून सुटलं का समदी भिंत सुटंल."

आई पदराने हातोडी पुसत राहिली. लोकांच्या भिंतींवर तिचा हात कधी थांबला नव्हता. आमच्याच भिंतीवर, हातभर जागेत, थांबला होता.

मी हात पुढे केला.

"माय, दे इकडं."

"तुले नाई देत."

"रंग माहा हाय. मीच काढते."

तिने दांडा माझ्याकडे वळवून हातोडी दिली. पहिला घाव रंगावरून घसरला. मिस्त्री तोंड फिरवून हसला.

"सरळ नोको मारू," आई पुढे सरकली. माझं मनगट धरून वळवलं. "तिरपी मार. हां. रंग नाई, खालचं प्लास्टर दिसलं पाह्यजे."

आकाशी खपल्या आमच्या पायांवर पडत होत्या. ओघळ गेले. आईने ब्रश मारला, मी पाणी मारलं. मग ती मिस्त्रीला म्हणाली, "चढवा आता."

दोन पावसाळे झाले. कोठी पुन्हा त्याच कोपऱ्यात आहे. आई अधूनमधून तिच्यामागे हात घालून बोटाने भिंत वाजवून बघते. भिंत सरळ आहे आणि कुठेच पोकळ वाजत नाही.