विषाचा थेंब आणि आठ दिवसांचं अंडं

प्रयोग जमला की त्याचा पेपर होतो, फसला की किस्सा! तंजावरच्या आमच्या लॅबमध्ये पेपर एकही नव्हता, यावरून काय ते समजा.

साठच्या दशकातली गोष्ट. सापाच्या विषातल्या एका प्रथिनामुळे मज्जापेशींना धागे फुटतात, अशी परदेशातून बातमी आली होती. डॉक्टर गोविंदरावांना ते रिटायर होण्याआधी एकदा बघायचं होतं. ते गेले की लॅबची खोलीही जाणार होती. मी त्यांची असिस्टंट, पुण्याहून आलेली. आठ दिवस उबवलेल्या अंड्यातल्या पिलाच्या मज्जापेशींचा बारीक गोळा काढायचा. एका बशीत पातळ केलेल्या विषाचा थेंब, दुसरीत नाही. मग वाट बघायची.

*

एकदा वीज गेली. सरांनी अंडी उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरली. तेवढ्यात प्रिन्सिपॉल आले. सर खुर्चीवरून उठेनात!

"गोविंदराव, बरं नाही का?"

"बरा आहे, सर. उबवतोय!"

*

सुट्टीत लॅब बंद राहणार होती. विषाची बाटली आणि अंडी घरी आणू का, असं सरांनी काकूंना भीतभीत विचारलं. घर कडक सोवळ्याचं.

काकू म्हणाल्या, "विष आणा हो. अंडं नको!"

*

एके दिवशी सर मायक्रोस्कोपवरून ओरडले, "फुटले! धागे फुटले!" मीही बघितलं, मलाही दिसले. मग भिंग पुसलं. कापूस होता!

सर दिवसभर भिंगं पुसत बसले. संध्याकाळी म्हणाले, "आपल्याला हवं तेंच दिसतं, पोरी. अत्तापासून ज्याला कांहीं ठाऊक नाहीं, त्यानंच बघायचं."

*

शेवटच्या आठवड्यात शेवटच्या दोन बशा उरल्या. विषाची कुठली, ते फक्त बशीच्या बुडाला लिहिलेलं. ओरत्तनाडू गावाहून आम्हाला अंडी विकणारी मुनियम्मा आली होती. सरांनी तिलाच स्टुलावर बसवलं.

पहिली बशी बघून ती तमिळमध्ये म्हणाली, "खडा आहे नुसता."

मग तिनं दुसरीवर डोळा लावला.

"अय्यो! याला चहूकडून पिसं फुटलीत!"

मी बशी उचलून बूड बघितलं. विषाचीच! सर चक्क रडायला लागले. मलाही आवरेना.

मुनियम्मा पदर खोचून उठली. "डॉक्टर अय्या, मी अंडं विकलं होतं. पिलू निघालं तर ते माझं!"