रोटीवरची लोंबी

आखातात अल मनखूलला आमच्या बिल्डिंगखाली एका अफगाण माणसाची रोट्यांची भट्टी होती. रोटी तंदूरमध्ये लावण्याआधी तो बोटांनी तिच्यावर गव्हाची लोंबी उमटवायचा. एकदा घाईत मी म्हटलं, "यल्ला भाई, बिना डिझाइन के दे दो." तो हसला, पण लोंबी उमटवूनच रोटी लावली. मग सांगू लागला.

त्याच्या गावात तंदूर एकच, म्हणून प्रत्येक घराची रोटीवरची खूण वेगळी. ही त्याच्या आईची. लढाईत सैनिकांनी त्याला लहानपणीच तिच्यापासून ओढून परदेशी अनाथाश्रमात नेलं, नाव बदललं, भाषा बदलली. आता तिचा चेहराही आठवत नव्हता, फक्त ही खूण आठवत होती.

गरम रोटी पुढे करत तो ताठ मानेने म्हणाला, "वहाँ मुझे यतीम, अनाथ बोलते थे. यतीम की रोटी पर माँ का निशान होता है क्या?"