सारवलेल्या अंगणापलीकडची बाई

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिला राग मला स्वतःचाच येतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य. सौंसर-पांढुर्णा भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवरा-बायकोच्या तक्रारीवर आमच्याकडे एकच औषध होतं, समझाइश. दोघांना बाकावर बसवायचं, चहा पाजायचा, बाईला सबुरीचं सांगायचं आणि रोजनामच्यात लिहायचं, 'समझाइश देऊन रवाना केले.' कागद मिटला की आपण मोकळे.

एका सकाळी गावोगाव बांगड्या भरत फिरणारी कासारीण ठाण्यात आली. मुन्शी तिला टोपली बाहेर ठेव म्हणत होता, पण ती थेट माझ्या टेबलाशी आली.

"सायेब, रामाकोना गावाकडच्या एका बाईचं सांगाचं हाय. तिच्या दाराले बाहीरून कुलूप रायते. नवऱ्याच्याच सांगण्यावरून सणाच्या बांगड्या मी खिडकीतून भरतो. मागच्या साली अडीचच्या मापाच्या बसत होत्या. आता सव्वादोनच्या बी गळून पडून राहिल्या. मानसाचा हात असा आपोआप उतरत नाही."

मी त्या बाईचं नाव विचारलं आणि रोजनामच्याची जुनी पानं उलटली. आठ महिन्यांपूर्वी हीच बाई पायी चालत ठाण्यावर आली होती. "तो मले कुठंच जाऊ देत नाही," एवढंच म्हणत होती. मारतो का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. मग गुन्हा कशाचा लावू, असं तिलाच ऐकवून मी नवऱ्याला बोलावलं आणि तिला त्याच्यासोबत पाठवून दिलं.

त्याच दुपारी मी हवालदाराला घेऊन तिच्या गावी गेलो. नवरा संत्र्यांचा मोठा बागाईतदार, गावात वजन असलेला माणूस. तो बागेत गेला होता. अंगण शेणानं ओलसर सारवलेलं, सगळीकडे गुळगुळीत. मी पाय पुढे टाकणार तोच खिडकीतून आवाज आला.

"पाय नोका टाकू, सायेब. तो पायते."

मग तिने सांगितलं. रोज बागेत जाण्याआधी तो तिच्याकडून अंगण सारवून घ्यायचा, तिला आत घालून कुलूप लावायचा आणि संध्याकाळी येऊन पावलं शोधायचा. पाऊल दिसलं की कोण आलं होतं याची चौकशी, आणि त्या दिवशी जेवण बंद. त्याने तिला बोटही लावलं नव्हतं.

कुलूप तेव्हाच तोडता आलं असतं. पण चावी चुकून खिशात राहिली, असं तो म्हणाला असता आणि वरून मलाच समझाइशचा हुकूम आला असता. मी तिला विचारलं, "संध्याकाळपर्यंत थांबशील?" ती म्हणाली, "आठ महिने थांबली, तुमच्याचमुळे."

समोरच्या घराच्या ओसरीवर दोन पंच बसवले, मी दाराआड. दिवस कलताना नवरा आला. दार उघडण्याआधी तो अंगणात वाकला आणि कडेकडेनं चालत सारवण न्याहाळू लागला. एका कुत्र्याचे पंजे उमटले होते, आणि शेजारी कशाचा तरी पुसट डाग होता.

"कोन आलतं?" त्याने खिडकीतून विचारलं.

"कुत्रं होतं."

"कुत्र्यासोबत कोन होतं? सांगत नसशीन तं आज बी जेवन नाही."

'आज बी' हे शब्द दोन्ही पंचांनी ऐकले. मी ओसरीवरून उतरलो आणि बुटांसकट ते सारवण तुडवत गेलो. चावी त्याच्या कमरेलाच होती. पंचनामा जागेवरच झाला.

ठाण्यात तो अजिबात घाबरला नाही. मी त्याला खुर्ची दिली, कारण असल्या माणसाला मान दिला की तो मोकळा होतो. झालंही तसंच. "एक चापट मारली असन तं विचारा कोनालेही," तो म्हणाला. "बागेले कुंपन लागते, तसं बाईले. अन् सायेब, तुम्हीच तं मले सांगितलं होतं, घरचं घरात ठेवा. तवापासूनच सारवन सुरू केलं."

तिचे ते आठ महिने माझ्या दौतीतून निघाले होते.

गुन्हा दाखल होण्याआधीच फोन आले. एका वरिष्ठांनी समजावलं की मामला घरगुती आहे, आणि नाहीच ऐकायचं तर निदान रोजनामच्याचं ते जुनं पान तरी जोडू नका, त्यात तुमचीच नाचक्की आहे. मी कोंडून ठेवल्याचं कलम लावलं, बायकोच्या छळाचं नुकतंच आलेलं चारशे अठ्ठ्याण्णव-अ लावलं आणि ते पान सगळ्यात वर जोडलं. बाईने आधी दाद मागितली होती याचा तेवढाच लेखी पुरावा होता. कोर्टात शपथेवर मी सांगितलं की तिला परत पाठवणारा अधिकारी मीच. कासारणीनेही बांगड्यांची मापं न अडखळता सांगितली.

कोंडून ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. छळाच्या कलमातून मात्र तो सुटला, कारण अंगावर वळ नव्हता. आपला कायदा तेव्हा वळ शोधत होता, आणि काही ठिकाणी अजूनही शोधतो. बाई भावाकडे राहायला गेली आणि परतली नाही. या कलमाचा गैरवापर होतो असं मला आजही ऐकवलं जातं. होत असेल, तपास करा, त्याचाच पगार मिळतो. मी तो गुन्हा उद्या पुन्हा दाखल करीन. मारत नाही म्हणजे छळ नाही, असं धरून चालणारा पोलीस हा त्या नवऱ्याचा पहारेकरी असतो. मी आठ महिने होतो.

निकालातली वाक्यं मी विसरलो. साक्षीच्या पिंजऱ्यातली ती बाई विसरलो नाही. आरोपीच्या वकिलांनी तिला विचारलं, "त्याने कधी मारलं नाही, कधी शिवी दिली नाही. मग तुला त्रास तरी काय होता?"

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "आज घरून निंगतानी तुम्ही कोनाले पुसून आले?"