वेणीची ड्युटी

जाईच्या वेण्यांचा वास आला की मला म्हापशाचा बसस्टँड आठवतो. केमोनं माझे सगळे केस गेले होते. इस्पितळातून पेडण्याला परतताना ह्यांनी सवयीनं माझ्यासाठी वेणी घेतली आणि माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला. "विसारलंय गो," ते पुटपुटले. मला हसूच फुटलं. वेणी मी त्यांच्याच दाट केसांत खोचली. बसमध्ये कंडक्टरनं डोळे मोठे करून विचारलं, "काका, हें कितें?" हे गंभीरपणे म्हणाले, "हिचे केस येयसर ही ड्युटी माझी." सगळी बस हसली. पुढे केस आले, पण पूर्वीसारखे सरळ नव्हे, चक्क कुरळे. आज इतक्या वर्षांनीही मी विंचरायला बसले की हे माझ्याकडे दुसऱ्याच कुणाची बायको असल्यासारखं बघत विचारतात, "मी कोणाची बायल घेवन इलंय?"